जागरण, मेंदू आणि आकडी: प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकडीबद्दल काहीही लिहिलं की तीन प्रकारच्या लोकांचे प्रश्न येतात: घरी कुत्रा असलेल्यांचे, घरी अपस्माराचा रुग्ण असलेल्यांचे आणि सेमिनार आठवड्यावर येऊन ठेपलेल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांचे. तिघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. 'उंदीर' म्हणजे इथे प्रयोगशाळेतला रॅट. त्याचा लहान भाऊबंद माऊस जिथे आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. झोप मोडली की प्राण्यांना खरंच आकडी येते का?

धडधाकट प्राण्याला एका जागरणाने सहसा येत नाही. बदलतो तो उंबरठा. ज्याचा मेंदू आधीच आकडीकडे झुकलेला आहे (जन्मजात दोषाने, जुन्या इजेने किंवा प्रयोगात मुद्दाम तसा केल्याने), त्याला एरवी पचला असता असा धक्का जागरणानंतर पचत नाही. हंडा काठोकाठ भरलेला असेल तर फुलपात्रभर पाण्यानेही सांडतो. अर्ध्या हंड्याला त्याचं काही वाटत नाही. जागरण हे ते फुलपात्र. हंडा कशाने भरला, हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एक समजल्याने होतो.

२. हा 'उंबरठा' मोजतात कसा? आणि उंदराला आकडी आली हे कळतं कसं?

सर्वात जुनी रीत विजेची. ठरावीक वेळ सौम्य प्रवाह द्यायचा, तो पायरीपायरीने वाढवायचा आणि झटके कुठे सुरू होतात ते टिपायचं. दुसरी रीत औषधाची: पेंटिलीनटेट्राझोलसारखं रसायन किती मात्रेला आकडी आणतं ते पाहायचं. तिसरी किंडलिंग. १९६७ साली ग्रॅहम गोडार्ड यांनी दाखवलं की उंदराच्या अमिग्डालात (मेंदूतल्या भीती-भावनांशी जोडलेल्या भागात) रोज अगदी क्षीण प्रवाह दिला, तर पहिल्या दिवसांत काहीही होत नाही, पण पुढे त्याच प्रवाहाने पूर्ण आकडी येऊ लागते. चुलीतली काटकी फुंकर मारून मारून पेटावी तसं. किंडलिंग हा शब्दही तिथलाच.

आकडीची तीव्रता १९७२ च्या रसीन मोजपट्टीवर लिहितात. पायरी १ म्हणजे तोंड आणि चेहऱ्याच्या हालचाली, २ म्हणजे मान डोलणं, ३ म्हणजे पुढच्या पायाला झटके, ४ म्हणजे मागच्या पायांवर उभं राहून झटके, ५ म्हणजे तोल जाऊन पडणं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पायरी १ आणि उंदराचं नेहमीचं तोंड पुसणं यांत फरक करायला नजर बसावी लागते, म्हणून सोबत मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद लागतेच.

३. प्राण्याला जागं ठेवतात तरी कसं?

या पानावरच्या निम्म्या उत्तरांचा भरवसा या एका प्रश्नावर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली पद्धत पाण्यातल्या छोट्या चौथऱ्याची. १९६४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जुव्हे आणि सहकाऱ्यांनी ती मांजरांवर वापरली, पुढे उंदरांवर ती रुळली. उंदरासाठी चौथरा साधारण ६-७ सेंटिमीटर व्यासाचा, भोवती पाणी. साधी झोप उंदीर त्यावर बसल्या बसल्या काढतो. पण रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, लागली की अंगातले स्नायू सैल पडतात, नाक पाण्याला लागतं आणि तो दचकून उठतो. म्हणून ही पद्धत मुख्यतः रेम झोप हिरावते. तुलनेसाठी काही उंदरांना मोठ्या चौथऱ्यावर ठेवतात. तेही पाण्यातच असतात, पण त्यांना आडवं होता येतं.

दुसरी पद्धत शिकागोच्या ॲलन रेक्टशाफेन यांची, १९८३ ची. एका फिरत्या तबकडीवर दोन उंदीर, मध्ये भिंत, खाली पाणी. एकाच्या मेंदूलहरी झोपेच्या दिसल्या की तबकडी फिरते आणि दोघांनाही चालावं लागतं. फरक एवढाच की दुसरा उंदीर पहिला जागा असताना झोपून घेऊ शकतो. श्रम दोघांना सारखे, जागरण एकालाच. याच पद्धतीच्या १९८९ च्या प्रयोगात सलग जागे ठेवलेले उंदीर ११ ते ३२ दिवसांत मेले किंवा मरणाच्या दारात पोचले. खाणं वाढलं, वजन घटलं, कातडीवर जखमा झाल्या.

तिसरी पद्धत 'हळुवार हाताळणी'. पिंजऱ्यात नवा कागद टाकायचा, कापसाचा बोळा ठेवायचा, डोळे मिटले की मऊ ब्रशने स्पर्श करायचा. उंदीर निशाचर, त्यामुळे त्याचं जागरण दिवसा असतं. सकाळी दिवे लागले की प्रयोग सुरू. पहिला तास मजेत जातो. तिसऱ्या तासाला उंदीर कागदाचं घरटं करायला लागतो. सहाव्या तासाला तो ब्रशलाच टेकून झोपतो. ब्रश काढला की घसरतो, सावरतो, पुन्हा टेकतो. विद्यार्थी असताना मी हे काम केलं आहे. दुपारी दोनच्या सुमारास उंदीर जास्त पेंगतो की आपण, हे सांगणं अवघड होतं. आणि एका ठिकाणी मी हेही पाहिलं आहे की वहीत 'हळुवार हाताळणी' लिहिलेलं आणि कंटाळलेला मुलगा पिंजऱ्यावर लाकडी पट्टी आपटतोय. त्या नोंदींचं पुढे काय झालं, विचारू नका.

४. हे सगळं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

झोपेविना प्राणी जगत नाही, हे रशियाच्या मारिया मनासेइना यांनी १८९४ मध्ये मांडलं. त्यांनी जागी ठेवलेली कुत्र्याची पिल्लं चार-पाच दिवसांत दगावली. आकडीशी थेट संबंध जोडणारा लेख १९६५ चा, हॅरी कोहेन आणि विल्यम डिमेंट यांचा: रेम झोप हिरावलेल्या उंदरांना कमी विजेच्या धक्क्याने आकडी आली. पुढच्याच वर्षी त्यांनी उलट बाजू दाखवली, की विजेच्या धक्क्याने आकडी आणलेल्या मांजरांची रेम झोप घटते. जणू आकडी आणि रेम झोप एकमेकांची जागा घेतात. ही कल्पना तेव्हा फार गाजली. आज ती जशीच्या तशी कुणी मांडत नाही, पण तिने अनेकांना कामाला लावलं.

५. जागरणाने मेंदूत असं काय बदलतं?

एकच उत्तर नाही, आणि ज्या लेखात एकच दिलेलं असतं त्याच्याकडे जरा सावधपणे पाहा.

पहिलं उत्तर चेतासंधींचं, म्हणजे सिनॅप्सचं. जागेपणी आपण शिकत राहतो, पेशींचे एकमेकांशी धागे घट्ट होत जातात. विस्कॉन्सिनचे जुलिओ टोनोनी आणि कियारा चिरेल्ली यांचं म्हणणं की झोपेत हे धागे सैल करून पुन्हा जागेवर आणले जातात. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने माऊसच्या मेंदूचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले; झोपेनंतर चेतासंधींचं क्षेत्रफळ सरासरी १८ टक्क्यांनी लहान भरलं. त्याआधी, २००९ मध्ये, उंदरांच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) पेशी लांबलेल्या जागेपणानंतर जास्त वेगाने ठिणग्या टाकतात, हे त्याच गटाने नोंदवलं होतं. धागे घट्ट, पेशी तापलेल्या: एकीचा आवाज दुसरीला पटकन पोचणार.

दुसरं उत्तर पेशींभोवतीच्या पाण्यातल्या क्षारांचं. २०१६ मध्ये माऊसवर दिसलं की जागेपणी पेशींबाहेरचं पोटॅशियम झोपेपेक्षा जास्त असतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी. बाहेर पोटॅशियम वाढलं की पेशी पेटण्याच्या बेतात येते. ज्यांनी मेंदूचे काप तबकडीत जिवंत ठेवून काम केलंय त्यांना हे नवं नाही. द्रावणातलं पोटॅशियम थोडं चढवलं की काप आपसूक आकडीसारख्या लहरी काढू लागतो.

तिसरं उत्तर आपल्याकडचं, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या बिरेंद्रनाथ मलिक यांच्या गटाचं. ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) लोकस सेरुलियस या पुंजक्यातल्या पेशी नॉरॲड्रेनालिन हे जाग राखणारं रसायन सोडतात आणि फक्त रेम झोपेत गप्प बसतात. रेम झोपच मिळाली नाही तर त्यांना विसावा नाही, नॉरॲड्रेनालिन चढतं. त्याने पेशींच्या भिंतीतला सोडियम-पोटॅशियम पंप जास्त चालतो, आणि पेशी किती सहज पेटेल ते या पंपावर अवलंबून असतं. सेमिनारवाल्यांनी हा भाग वगळू नये. परीक्षक बहुधा इथेच विचारतात.

६. पण जागरणात ॲडेनोसिन वाढतं, आणि ॲडेनोसिन तर आकडी रोखतं. मग हे जुळतं कसं?

चांगली पकड आहे. १९९७ मध्ये मांजरांवर दाखवलं गेलं की जागेपणा लांबला की मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाशी ॲडेनोसिन साचत जातं. पेंग येते ती काही अंशी त्यामुळे. आणि ॲडेनोसिन पेशींना शांत करतं हेही खरं. पण ब्रेक दाबलेला असणं आणि गाडी थांबलेली असणं या दोन गोष्टी आहेत. प्रश्न ५ मधल्या गोष्टी ॲक्सिलरेटर दाबत असतात, ॲडेनोसिन ब्रेक. शिवाय मेंदूच्या सगळ्या भागांत ते सारखं साचत नाही.

ब्रेकचं महत्त्व तो काढल्यावर कळतं. दम्याचं जुनं औषध थिओफायलिन ॲडेनोसिनची वाट अडवतं आणि जास्त झालं तर आकडी आणतं. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्याचंच भावंड. कुत्र्याने दिवाळीचा चॉकलेटचा डबा फस्त केल्यावर झटके येतात ते म्हणूनच. जागरण झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर डबा आणखी उंच ठेवा.

७. कोणती झोप गेली तर जास्त वाईट, रेम की गाढ झोप?

मार्गारेट शाऊस यांनी किंडलिंग केलेल्या मांजरांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांतून चित्र असं येतं: साध्या (नॉन-रेम) झोपेत कॉर्टेक्सच्या लाखो पेशी एका तालावर हलतात, आणि ताल जुळलेला असला की आकडी पसरायला रस्ता मोकळा. रेम झोपेत ताल मोडलेला आणि स्नायू सैल, त्यामुळे आकडी पसरतही नाही आणि अंगात दिसतही नाही. रेम झोप हे मेंदूचं सर्वात सुरक्षित दार म्हणायला हरकत नाही.

यावरून 'रेम हिरावली की धोका' हे सोपं वाटतं. पण पूर्ण जागरणानंतर प्राणी जेव्हा अखेर झोपतो, तेव्हा आधी गाढ, मोठ्या लहरींची नॉन-रेम झोप उसळून येते. धोका जागरणात होता की या उसळीत, हे प्रयोगात वेगळं काढणं कठीण. तुमच्या लेखात मोजमाप जागं असताना केलं की उठल्यानंतर, ते आधी पाहा.

८. उंबरठा तणावामुळे उतरला, झोपेमुळे नाही, असं का म्हणू नये?

म्हणू शकता. पाण्याच्या मध्ये चौथऱ्यावर दोन दिवस बसलेल्या उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरोन हे तणावाचं संप्रेरक चढलेलं असतं, तो ओला असतो, एकटा असतो, हालचाल बंद असते. मोठ्या चौथऱ्याचे साथीदार, तबकडीवरचा जोडीदार (प्रश्न ३) हे सगळे उपाय याच शंकेपोटी निघाले.

पण गंमत पुढे आहे. अचानक आलेला तणाव आकडी वाढवतोच असं नाही. उंदराला किंवा माऊसला थोडा वेळ पोहायला लावलं, तर काही आकडीजनक औषधांचा उंबरठा उलट चढतो. कारण तणावात तयार होणारी काही स्टेरॉइडं मेंदूतल्या गाबाच्या, म्हणजे शांत करणाऱ्या, वाटांना बळ देतात. दीर्घकाळचा तणाव मात्र वेगळा वागतो. म्हणून ओल्या चौथऱ्यावरचा प्रयोग दोन्ही दिशांनी फसवू शकतो. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत त्यामागे माझ्या मते हे मोठं कारण आहे. एखाद्या लेखाच्या निष्कर्षाआधी त्याची पद्धत वाचायची सवय लावून घ्या.

९. एका लेखात लिहिलंय की जागरणाने हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या आठवणी घडवणाऱ्या भागाच्या) पेशी उलट मंदावतात. मग उत्तेजना वाढते कसं म्हणायचं?

दोन्ही बरोबर. २००३ मध्ये ७२ तास जागं ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या सीए-१ या भागातल्या पेशी पेटायला जड झालेल्या दिसल्या, आणि शिकण्याचा जो पेशीय माग समजतात (दीर्घकालीन दृढीकरण, एलटीपी) तोही नीट उमटला नाही. म्हणजे जागरणाने प्राणी विसराळू होतो, त्याचं हे एक कारण. कॉर्टेक्स तापलेला आणि हिप्पोकॅम्पसचा एक कोपरा सुस्त, हे एकाच मेंदूत एकाच वेळी असू शकतं. 'मेंदूची उत्तेजनशीलता' हा शब्दच मुळात ढोबळ आहे. कुठला भाग, कुठली पेशी, किती तासांनी, हे सांगितल्याशिवाय तो वापरू नये.

१०. झटके न येता नुसतं टक लावून थांबणाऱ्या आकडीचं काय?

तिच्यासाठी उंदरांच्या खास जाती आहेत: नेदरलँड्समधली डब्ल्यूएजी/रिज आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची जीएईआरएस. त्यांच्या मेंदूत दिवसातून शेकडो वेळा काही सेकंदांच्या टोकदार लहरींचे झुपके येतात, सेकंदाला साधारण ७ ते ११. मुलांमधल्या याच प्रकारात त्या सेकंदाला ३ च्या आसपास असतात. तेवढा वेळ उंदीर थिजतो, मिशा थरथरतात, मग जणू काही झालंच नाही असा पुढे चालू लागतो. हे झुपके पूर्ण जागेपणी कमी, गाढ झोपेतही कमी, पेंगताना भरपूर. जागं ठेवलेला उंदीर सारखा पेंगतो, त्यामुळे झुपके वाढतात. इथे 'जागरण' म्हणजे खरं तर 'पेंगेचा वेळ लांबणं'.

११. हत्ती तर दोनच तास झोपतो. त्याला आकडी का येत नाही?

कारण कमी झोपणं आणि झोप हिरावली जाणं वेगळं. २०१७ मध्ये बोत्स्वानातल्या दोन जंगली हत्तिणींच्या नोंदींत रोजची सरासरी झोप सुमारे दोन तास भरली, आणि काही वेळा त्या ४६ तासांपर्यंत जाग्या राहिल्या. फ्रिगेट पक्षी समुद्रावर उडताना दिवसाला सरासरी ४२ मिनिटं झोपतो, जमिनीवर आला की बारा तासांहून अधिक. त्यांच्या मेंदूचं वेळापत्रकच तसं बांधलेलं आहे. पिंजऱ्यातल्या उंदराचं वेळापत्रक आपण मोडतो.

१२. माशीवरही हे करता येतं म्हणे?

येतं. फळमाशीच्या काही जातींना नळी टेबलावर आपटली की झटके येतात, इंग्रजीत त्यांना 'बँग-सेन्सिटिव्ह' म्हणतात. अशाच एका जातीत जागरणानंतर झटके वाढल्याचं २०१५ मध्ये दिसलं. माशीला ना रेम झोप, ना कॉर्टेक्स, तरीही. यावरून एवढं तरी म्हणता येतं की हा संबंध बराच जुना आणि पेशीच्या पातळीवरचा असावा.

१३. आमचा लॅब्राडॉर झोपेत पाय झाडतो, भुंकल्यासारखं करतो. ही आकडीच का?

बहुतेक वेळा नाही, ती रेम झोप. पापण्यांआड डोळे फिरतात, पंजे उडतात, ओठ हलतात, अंग मऊ असतं. लांबून नाव घेतलं की उठतो आणि लगेच शेपूट हलवतो. आकडीत अंग ताठ होतं, हाक ऐकू येत नाही, लाळ येते, कधी लघवी होते. आणि नंतर काही मिनिटं ते काही तास तो भांबावलेला, भिंतीला धडकत फिरणारा किंवा अधाशासारखा खाणारा दिसतो. ही नंतरची अवस्था सर्वात मोठी खूण. मोबाईलवर व्हिडिओ काढा; डॉक्टरला तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगेल. तोंडात हात घालू नका. नाकाशी कांदा किंवा चप्पल धरल्याने काही होत नाही, चावा मात्र मिळतो.

१४. फटाक्यांच्या रात्रीनंतर आमच्या ब्रूनोला आकडी आली. जागरणामुळेच ना?

असू शकेल, पण त्या रात्री जागरण एकटं नव्हतं. भीती होती, धाप होती, जेवण टाकलेलं होतं, कदाचित औषधाची वेळ चुकली होती. घरच्या कुत्र्यात हे वेगळं काढता येत नाही. प्रश्न ८ मधली अडचण इथे आणखी मोठी होते. कुत्र्यांमध्ये कारण न सापडणारा अपस्मार बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिल्यांदा दिसतो. ब्रूनो त्या वयात असेल तर फटाके हे निमित्त, हंडा आधीच भरत आला असेल (प्रश्न १).

व्यवहारात करायचं एवढं: आकडीचं औषध चालू असलेल्या कुत्र्याला दिवाळीत आतल्या खोलीत, पंखा-टीव्हीच्या आवाजात झोपू द्या, औषधाची वेळ पाळा, आणि सणाआधीच डॉक्टरांशी बोला. आकडी पाच मिनिटांहून लांबली किंवा २४ तासांत दोन झाल्या, तर वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा.

१५. उलटं होतं का? आकडीमुळे झोप बिघडते?

होतं, आणि मग दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. केसीएनए-१ हे जनुक नसलेल्या माऊसना आकड्याही येतात आणि झोपही तुटक असते. २०१६ मध्ये त्यांना जागेपणाचं रसायन ओरेक्सिन अडवणारं औषध दिलं, तर झोप सुधारली आणि आकड्याही कमी झाल्या. झोप सुधारून आकडी कमी करता येईल का, या आशेला प्राण्यांमधला हा एक बऱ्यापैकी ठोस आधार.

१६. मग डॉक्टर ईईजीच्या (मेंदूच्या विद्युतलहरींच्या तपासणीच्या) आधी माणसाला रात्रभर जागं राहून यायला का सांगतात?

याच उंबरठ्याचा निदानासाठी उपयोग. साध्या ईईजीत अनेकदा काही सापडत नाही. जागरण केलेला माणूस तिथे झोपला की दडलेल्या लहरी वर येण्याची शक्यता वाढते, कारण जागरणही झालेलं असतं आणि झोपेचा टप्पाही नोंदला जातो. हे डॉक्टरच्या सांगण्यावरूनच करायचं. घरी 'बघू या येते का' म्हणून जागरण नको, आणि औषध स्वतःहून बंद तर मुळीच नको.

१७. भारतात असे प्रयोग करायला परवानगी लागते का?

लागते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्रीय समिती (आता सीसीएसईए, पूर्वीची सीपीसीएसईए) आणि प्रत्येक संस्थेची स्वतःची प्राणी नीतिमत्ता समिती आहे. किती प्राणी, किती तास, त्रास वाढला तर कधी थांबणार, हे आधी लेखी द्यावं लागतं. एमएस्सीच्या प्रकल्पाला समितीची तारीख धरूनच वेळापत्रक आखा. उंदीर जागे ठेवण्याआधी बरेचदा कागद जागे ठेवावे लागतात.